मांजरासाठी

आई खिमा गुरुवारीच आणायची.
पगार शुक्रवारी, म्हणून गुरुवारी
हनोव्हर पार्कातल्या प्रत्येक पाकिटात फक्त चिल्लर,
आणि म्हणूनच अखमत खाटीक
त्या संध्याकाळी भाव उतरवायचे.

"अर्धा किलो," ती म्हणायची.
मग, जणू दारातून परतताना आठवलं,
"आणि थोडं छाटण द्या. मांजरासाठी."

आमच्याकडे मांजर नव्हतं.
तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत सात माणसं,
खिडकीतून टेबल माउंटन, तोही पाठमोरा.

अखमत छाटण तोलत नसत.
चरबी बाजूला सारून लाल तेवढं पुडीत सरकवत
आणि सुतळीला गाठ मारता मारता विचारत,
"बरं आहे ना मांजर?"
"खातंय चांगलं," आई सांगायची.
मी जमिनीकडे बघायची.

घरी टेबलाच्या कडेला आवळलेलं यंत्र.
दांडा फिरवायचं काम माझं.
तोयेर म्हणायचा, बघा, गांडुळं निघाली,
आणि पाठीत धपाटा खायचा.

मग शिळा पाव,
पाण्यात बुडवून मोज्यासारखा पिळलेला.
गाजर किसून. कांदा इतका बारीक
की धाकट्या झैनूच्या दातांना पत्ता लागू नये.
एक अंडं. महिनाअखेरीला अर्धं.
(उरलेलं अर्धं शेजारच्या झुबेदाकडे,
कपात, वर बशी.)
धणे, जिरं, आणि बडीशेप,
जिला आमच्या जिन्यात बारीशाप म्हणतात.
शब्द कुठल्या जहाजातून उतरला, कोण जाणे;
डबा रिकामा झाला की मात्र
तीनही मजल्यांना कळतं.

आग्नेयेचा वारा सुटला
की फटीतून वाळू यायची.
आई परातीवर आडवी व्हायची:
"भर घालायची म्हटलं तरी इतकी नको!"

एकवीस फ्रिकाडेल. माणशी तीन.
खरं तर बावीस.
एक ती कढईपाशी उभ्यानेच खायची, मीठ बघायला.
मी पकडलं तेव्हा लाजली नाही.
"उपाशी हाताला माप कळत नाही, रुगाया," म्हणाली
आणि बोटं चाटली.

वडिलांचा कारखाना तीन दिवसांवर आला
तेव्हा परातीत पाव वाढला, मग बटाटा,
मग एकदा वाटाण्याच्या डाळीचा चोथा,
ज्याबद्दल कुणी काही बोललं नाही.
गोळे तेवढेच राहिले. एकवीस.
मांजराची भूकही वाढली.
"फार खातं हो," आई म्हणाली,
आणि अखमतांनी मान डोलावली, गंभीरपणे,
डॉक्टर डोलावतात तशी.

मग एका रविवारी दार वाजलं.
अखमत. धापा टाकत, तीन मजले चढून,
कोटाच्या आत काहीतरी वळवळत.
"दुकानातली व्याली," म्हणाले,
"तुमच्या मांजराला सोबत."

पिवळट, एक कान दुमडलेलं पिल्लू.
आईने हात पुढे केले. दुसरं काय करणार?
"आणि मोठं कुठे आहे?"
"गच्चीवर," तोयेर म्हणाला.
"खाली," त्याच क्षणी मी.
अखमत आत डोकावले नाहीत.
त्यांना ठाऊक होतं की नव्हतं,
यावर आमच्या घरात अजून भांडणं होतात.

त्या पिल्लाने फ्रिकाडेलला तोंड लावलं नाही.
हुंगलं, पावाचा वास आला असणार,
आणि शेपटी वर करून निघून गेलं.
सात माणसं त्याच्याकडे बघत राहिली,
चघळत.

पुढच्या गुरुवारी दुकानात रांग होती.
"अर्धा किलो," आई म्हणाली. "आणि…"
इतकी वर्षं न अडखळता जे बोलली
ते खरं झाल्यावर तिच्या घशाबाहेर येईना.
कान लाल झाले.

अखमतांनी दोन पुड्या बांधल्या.
"ही मांजराची," म्हणाले.
दुसरीचं काही बोलले नाहीत.
ती जड होती. घरापर्यंत मीच धरली होती.